अलंकार ओळखायचा कसा? आधी ‘जणू’ शोधणं थांबवा

इंदूरला रामबागेतल्या आमच्या घरी गेली सोळा वर्षं दर रविवारी सकाळी मी मुलांना मराठी कविता शिकवते. घरी मराठी, शाळेत हिंदी किंवा इंग्रजी अशी ही मुलं. येताना बहुतेकांनी एक तक्ता पाठ केलेला असतो: ‘सारखा’ दिसला की उपमा, ‘जणू’ दिसला की उत्प्रेक्षा, ‘नव्हे’ दिसला की अपन्हुती. अलंकार शिकवण्याची याहून वाईट पद्धत मला माहीत नाही. तो तक्ता वहीतून फाडून टाका आणि मग पुढे वाचा.

पहिली पायरी: चमत्कृती नादात आहे की अर्थात?

ओळ मोठ्याने म्हणा आणि एखादा शब्द काढून त्याच अर्थाचा दुसरा घाला. गोडी गेली तर शब्दालंकार, टिकली तर अर्थालंकार. ‘काळ्या कातळावर कोसळल्या कडक सरी’ या ओळीत ‘काळ्या’च्या जागी ‘सावळ्या’ आणि ‘कातळा’च्या जागी ‘दगड’ आणला की ‘क’ची माळ तुटते, म्हणजे हा अनुप्रास. ‘पान उलटलं आणि ऋतू बदलला’ यात पान झाडाचंही आहे आणि वहीचंही, म्हणून श्लेष. तिथे ‘पर्ण’ लिहून पाहा, वही गळून पडते.

यमकाबद्दल मात्र इंदूर-ग्वाल्हेरच्या मुलांना वेगळं सांगावं लागतं. हिंदीच्या तासाला ‘यमक’ म्हणजे तोच शब्द दुसऱ्यांदा, वेगळ्या अर्थाने: ‘मान वळवून तिने मान राखला’ या धर्तीवर. मूळ संस्कृत व्याख्येच्या जवळचं तेच आहे. मराठीत आपण यमक म्हणतो ते मुख्यतः चरणाच्या शेवटी जुळणाऱ्या अक्षरांना:

सांज उतरली घाटावरी,
मीच एकटी वाटेवरी.

हिंदीचे शिक्षक याला तुक किंवा अंत्यानुप्रास म्हणतील. नाव एकच आणि वस्तू दोन, त्यामुळे हुशार मुलंही दोन्हीकडे गुण घालवतात. कोणत्या भाषेचा पेपर पुढे आहे ते आधी पाहा.

दुसरी पायरी: उपमेय आणि उपमान वेगळं करा

ज्याच्याविषयी कविता बोलते आहे ते उपमेय, ज्याची आठवण काढली ते उपमान. ओळीत आधी कोण आलं याला महत्त्व नाही.

तिसरी पायरी: वाक्य नेमका काय दावा करतं?

सगळे अडखळतात ते इथे. मीही अडखळले होते. बारावीच्या वर्षी एका शिकवणीत मला हाच तक्ता घोकायला लावला होता. परीक्षेत ‘जणू’ नसलेली उत्प्रेक्षा आली आणि मी बेधडक रूपक लिहून आले. नंतर वर्षभर मला या दोन अलंकारांची भीतीच वाटायची. भीती गेली ती एका सकाळी, पोह्यांच्या दुकानासमोर. उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर पोह्यांची परात होती आणि डिसेंबरच्या थंडीत वाफ रस्त्यापर्यंत येत होती. मी मनातल्या मनात त्या एकाच वाफेला एकेका अलंकारातून नेत गेले. आजही मुलांना तसंच शिकवते.

‘वाफ धुक्यासारखी दाट.’ इथे वाफ वाफच आहे, धुकं धुकंच आहे आणि दोघांत दाटपणा समान आहे. ही उपमा.

‘वाफ कसली, जणू पहाटेचं धुकंच!’ ही वाफ आहे हे कवीला ठाऊक आहे, पण त्याचं मन धुक्याच्या बाजूला झुकलंय. तो कल्पना करतो आणि ती कल्पना आहे याचं भान सोडत नाही. ही उत्प्रेक्षा.

‘वाफेच्या धुक्यात गल्ली हरवली.’ आता कल्पना उरली नाही. वाफ हेच धुकं असं गृहीत धरून वाक्य पुढे निघून गेलं. हे रूपक.

‘वाफ नव्हे ही, धुकं उतरलंय.’ उपमेयच नाकारलं, म्हणून अपन्हुती.

‘धुक्याहून दाट ही वाफ’ म्हटलं की उपमेय वरचढ, म्हणजे व्यतिरेक. ‘वाफ म्हणू की धुकं?’ हा ससंदेह. आणि कुणी ती वाफ पाहून धुकं समजून स्कूटरचा दिवा लावला, तर तो भ्रांतिमान. भ्रांतिमानात चूक कवितेतल्या माणसाची होते, कवीची नाही, एवढं लक्षात ठेवलं की ससंदेहाशी गल्लत होत नाही.

दावा पाहायची सवय लागली की शब्दांची फसवाफसवी कळू लागते. ‘सारखा’ हा मराठीतला मोठा फसवा शब्द. ‘तो सारखा बोलतो’ यात तुलनाच नाही. ‘दोघी बहिणी सारख्या उंचीच्या’ यात तुलना आहे, पण ते मोजमाप आहे, काव्य नाही. उपमेसाठी दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी हव्यात आणि त्यांच्या साम्यात सौंदर्य हवं. ‘वाटे’चंही तसंच. ‘पाऊस येईल असं वाटतं’ हा साधा अंदाज आहे, त्यात उत्प्रेक्षा शोधू नका.

उत्प्रेक्षेचा दुसरा पेच असा, की कधी कधी तिच्यात दोन वस्तूंची तुलनाच नसते. ‘तू येणार हे कळलं म्हणूनच जणू गुलमोहर फुलला.’ इथे उपमान कुठे आहे? शोधत बसलात तर डोकं दुखेल. गुलमोहर उन्हाळा आला म्हणून फुलला, कवीने मात्र कारण कल्पिलं. ही हेतूत्प्रेक्षा (‘हेतू’ म्हणजे इथे कारण). ‘आभाळाला हात लागावा म्हणून राजवाडा सात मजले चढला.’ आपल्या इंदूरच्या राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडाचे आणि वरचे चार लाकडाचे आहेत. होळकरांनी तो बांधला राहायला आणि दरबार भरवायला. आभाळाला हात लावणं हे फळ, म्हणजे साधायची गोष्ट, कवीने त्याच्या पदरात घातलं, म्हणून ही फलोत्प्रेक्षा. त्या ओळीत ‘जणू’ नाही हे पाहिलंत ना? परीक्षेत माझी चूक झाली होती ती अशाच ओळीवर. वस्तू, कारण किंवा फळ, तिन्हींपैकी काहीही कल्पिलेलं असू शकतं. शब्द दिसो न दिसो, उत्प्रेक्षा तिथे असते.

आता रूपकाचा पेच. ‘चरणकमल’ दिसलं की मुलं डोळे मिटून रूपक लिहितात. थांबा, क्रियापद पाहा. ‘आईचे चरणकमल धुतले’ म्हटलं तर धुतले गेले ते पाय. क्रिया पायांना लागू पडते, कमळ फक्त साम्यापुरतं आलंय, म्हणजे समासात दडलेली उपमा. ‘चरणकमल उमलले’ म्हटलं तर उमलणं हे कमळाचं काम. कमळ पुढे आलं, रूपक झालं. जुन्या अलंकारशास्त्रात ही कसोटी आहे आणि माझ्या मते अख्ख्या विषयात इतकी उपयोगी दुसरी नाही. वरच्या वाफेलाही तीच लावा: गल्ली हरवते ती धुक्यात.

चौथी पायरी: उरलेले

निर्जीव माणसासारखं वागलं की चेतनगुणोक्ती (हिंदीत मानवीकरण). जसं दिसलं तसं हुबेहूब चित्र उभं केलं की स्वभावोक्ती. उपमेयाला दुसरं कुणीच पुरं पडत नाही, ‘राजवाड्यासारखा राजवाडाच’, की अनन्वय. दृष्टान्तात एका गोष्टीशेजारी तशीच दुसरी ठेवलेली असते. अर्थान्तरन्यासात खास गोष्टीवरून सर्वसाधारण सत्य सांगितलेलं असतं, किंवा उलट. एवढं पुरे.

सरावाला राजकवी तांबे घ्या. १८७३ मध्ये मुगावलीला जन्मलेले, १९४१ मध्ये ग्वाल्हेरला गेलेले, म्हणजे आपल्याच मध्य भारतातले. त्यांची ओळ गुणगुणून पाहिली की पहिली पायरी आपोआप होते. रोज एकच कविता घ्या, आणि प्रत्येक ओळीत अलंकार सापडलाच पाहिजे असा हट्ट धरू नका.

एका ओळीत दोन अलंकार दिसले तर घाबरून एक खोडू नका. वरच्या राजवाड्याच्या ओळीत फलोत्प्रेक्षा आहे आणि हात असलेला राजवाडा म्हणून चेतनगुणोक्तीही. दोन्ही लिहा, आणि प्रत्येकापुढे एका वाक्यात कारण द्या: कवीने काय कल्पिलं, आणि कशाला जिवंत केलं.