माजी महापौरांची कारकीर्द कागदांवरून कशी तपासावी: अलास्कातल्या वासिलाचं उदाहरण

पुढे अलास्काच्या गव्हर्नर झालेल्या सारा पेलिन १९९६ ते २००२ या काळात वासिलाच्या महापौर होत्या. २००० च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या ५,४६९. एवढ्याशा गावाचा कारभार तपासताना भाषणं बाजूला ठेवा, तारखा धरा.

वहीत तीन रकाने आखा: निर्णय कधी झाला, पैसा कुठून आला, फेड कुणी केली. निवडणूक ऑक्टोबरात आणि आर्थिक वर्ष १ जुलै ते ३० जून, म्हणून १९९६-९७ चा अर्थसंकल्प आधीचे महापौर जॉन स्टाइन यांच्या काळातला. तो पेलिन यांच्या नावावर चढवला की पुढच्या सगळ्या तुलना फसतात. बहुतेकांची गाडी इथेच घसरते.

मालमत्ता कर त्यांनी कमी केला, हे खरं. पण २ टक्के विक्रीकर त्या महापौर होण्याआधीच लागू झाला होता. दुकानं वाढली, वसुली वाढली, म्हणून सवलत परवडली. श्रेय लिहिताना स्टाइन आणि पेलिन दोघांचंही लिहा.

क्रीडासंकुलाची गोष्ट उलटी. २००२ मध्ये मतदारांनी विक्रीकर अडीच टक्क्यांवर नेला आणि सुमारे १ कोटी ४७ लाख डॉलरचे कर्जरोखे मंजूर केले. जागेची मालकी निर्विवाद नसताना काम सुरू झालं, कोर्टकचेरी लांबली, खर्च वाढला. त्यामुळे फक्त २००२ चं इतिवृत्त वाचून भागत नाही. जमिनीच्या नोंदी आणि पुढच्या काही वर्षांचे लेखापरीक्षण अहवालही काढा.

शाळांचं यशापयश मात्र महापौरांच्या माथी मारू नका. शाळा मॅटानुस्का-सुसिटना बरोकडे, म्हणजे जिल्ह्यासारख्या स्थानिक शासनाकडे असतात.

कागद मागवताना एक हिशेब ठेवा: अलास्काच्या कायद्यानुसार एका अर्जदारासाठी कॅलेंडर महिन्यात पाच मनुष्य-तासांपेक्षा जास्त काम झालं, तर कर्मचाऱ्यांच्या वेळेचे पैसे भरावे लागतात. ‘सहा वर्षांचं सगळं द्या’ असा अर्ज महागात पडतो. विषय आणि वर्ष नेमकं लिहा, मागणी महिन्यांत वाटून घ्या.

निकाल टक्क्यांत नको, मतांत लिहा. १९९६ मध्ये पेलिन ६५१, स्टाइन ४४०. १९९९ मध्ये ९०९ विरुद्ध २९२. नुसतं ‘प्रचंड बहुमत’ वाचून ही फूटपट्टी किती छोटी आहे ते कळत नाही.

पुढच्या पदांपुढे ‘निवडून’ की ‘नेमणूक’ अशी खूण करा: २००३ चा तेल आणि वायू आयोग ही नेमणूक, २००६ चं गव्हर्नरपद निवडून. २००२ ची लेफ्टनंट गव्हर्नरपदाची (उपगव्हर्नरपदाची) हुकलेली प्राथमिक निवडणूकही त्याच यादीत घाला. पराभव बहुतेक परिचयांतून गळतात.