मुलांच्या हाती कॅल्क्युलेटर देताना

वीसपर्यंतचे पाढे आणि हातच्याची बेरीज-वजाबाकी पक्की होईपर्यंत मुलाने कॅल्क्युलेटरवर हिशेब करू नये, असे माझे ठाम मत आहे. दहावीच्या बोर्डाच्या परीक्षेतही तो चालत नाही. मात्र पाया पक्का झाल्यावर तो कपाटात ठेवून देणेही बरोबर नाही, कारण नीट वापरला तर तो मुलाला संख्यांचा अंदाज बांधायला शिकवतो.

नियम एकच ठेवावा: बटण दाबण्याआधी मुलाने अंदाज मोठ्याने सांगायचा आणि वहीत लिहायचा. आम्ही कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरी बाजारातून ४८ रुपये किलोचा पावणेतीन किलो गूळ आणला, तेव्हा पाचवीतल्या मुलीला त्याचा हिशेब करायला सांगितला. तीन किलोचे १४४ होतात, म्हणून उत्तर त्याहून थोडे कमी येईल, असे तिने आधी लिहिले होते. कॅल्क्युलेटरने १८० दाखवताच ती थबकली, पुन्हा आकडे पाहू लागली आणि पावणेतीन म्हणून आपण ३.७५ दाबले आहे, हे तिचे तिलाच उमगले, २.७५ दाबल्यावर १३२ आले. आधी अंदाज लिहिला नसता, तर १८० हेच उत्तर वहीत उतरले असते. ‘पावणे’ म्हणजे पाव कमी, हे त्या दिवसापासून तिच्या डोक्यात पक्के बसले आहे. पावकी, निमकी, पाऊणकी, म्हणजे पाव, अर्धा आणि पाऊण यांचे पाढे, पाठ करण्याची जुनी पद्धत घरात पुन्हा सुरू करावी, असे मला म्हणूनच मनापासून वाटते.

यानंतर थोडे प्रयोग करून पाहावेत. साध्या कॅल्क्युलेटरवर २ + ३ × ४ हे ओळीने दाबल्यास बहुधा २० येतात, मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरवर बहुधा १४. यातले बरोबर कोणते, हे मुलालाच विचारावे; शाळेत घोकलेल्या ‘कंचेभागुबेव’चा (कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी या क्रमाचा) अर्थ तेव्हा त्याला खरोखर कळतो. साध्या आठ अंकी यंत्रावर १ ला ३ ने भागून आलेल्या उत्तराला पुन्हा ३ ने गुणल्यास बहुधा ०.९९९९९९९ दिसते, पूर्ण १ नव्हे. उरलेला अंश कुठे गेला, याची चर्चा घरात अवश्य करावी.

भूमितीसाठी जिओजेब्रा हे मोफत सॉफ्टवेअर चांगले आहे. आधी कंपासपेटीतल्या कोनमापकाने कागदावरच्या दोन-तीन त्रिकोणांचे कोन मोजून घ्यावेत आणि मगच पडद्यावर त्रिकोणाचा शिरोबिंदू ओढून दाखवावा. आकार कितीही बदलला तरी तिन्ही कोनांची बेरीज १८० अंशच राहते, हे मूल स्वतः पाहते.

गणिताचा फोटो काढताच उत्तर देणारी अ‍ॅप मात्र गृहपाठ सुरू असताना बंदच ठेवावीत. उदाहरण कागदावर पूर्ण सोडवून झाल्यावरच ती उघडावीत, अ‍ॅपने दाखवलेल्या पायऱ्या आपल्या पायऱ्यांशी एकेक करून ताडून पाहाव्यात आणि जिथे फरक दिसेल तिथे मुलाने स्वतः लाल पेनाने खूण करावी.