लघुपटाच्या संकलनात सलगता का तुटते? या चुका टाळा

विद्यार्थ्यांच्या लघुपटात लागोपाठचे दोन शॉट जुळले नाहीत, म्हणजेच सलगता तुटली, की दोष संकलकाच्या माथी मारला जातो. प्रत्यक्षात यातील बहुतेक चुका चित्रीकरणाच्या वेळीच झालेल्या असतात आणि टाइमलाइनवर, म्हणजे संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये शॉट ओळीने मांडले जातात त्या पट्टीवर, त्या फक्त उघड्या पडतात.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे १८० अंशांचा नियम मोडणे. समोरासमोर बसलेल्या दोन पात्रांना जोडणारी एक काल्पनिक रेषा गृहीत धरून कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवला, तर पडद्यावर एक पात्र सतत उजवीकडे आणि दुसरे सतत डावीकडे पाहताना दिसते. कॅमेरा रेषेपलीकडे गेला की दोघेही एकाच दिशेला पाहू लागतात, जणू ते एकमेकांशी बोलतच नाहीत. तिसरे पात्र खोलीत आल्यावर ही चूक हमखास होते, कारण नजर त्याच्याकडे वळताच रेषाही बदलते आणि कॅमेऱ्याची जागा मात्र जुन्याच हिशोबाने ठरवलेली असते. रेषा ओलांडणे भागच असेल, तर कॅमेरा चालू असताना त्याला किंवा पात्राला पलीकडे जाऊ द्यावे, नाहीतर मध्ये थेट रेषेवरून घेतलेला शॉट ठेवावा. शॉट आरशातल्यासारखा डावा-उजवा उलटवून दिशा सुधारण्याचा मोह संकलनात अनेकांना होतो. तसे करण्यापूर्वी शर्टाचा खिसा, केसांचा भांग, मनगटावरचे घड्याळ आणि भिंतीवरची अक्षरे तपासावीत, कारण शॉटबरोबर तीही उलटतात.

नजरेची उंचीही तितकीच महत्त्वाची असते. उभ्या पात्राशी बोलणारे बसलेले पात्र क्लोज-अपमध्ये समोर सरळ पाहत असेल, तर संवाद कितीही चांगला असला तरी तो खोटा वाटतो. क्लोज-अप घेताना समोरच्या नटाला घरी न पाठवता लेन्सच्या शेजारी, योग्य उंचीवर थांबवावे.

हालचालीवर कट करताना होणारी चूक वेगळी आहे. पात्र दाराकडे हात नेते तो लांबचा शॉट आणि कडी उघडते तो जवळचा शॉट असे तुकडे पाडून चित्रीकरण केले, तर कट नेमका कुठे घ्यायचा याचा पर्यायच उरत नाही. दोन्ही शॉटमध्ये हात उचलण्यापासून दार उघडेपर्यंतची पूर्ण क्रिया घ्यावी आणि कट हात हलत असतानाच करावा. तरीही झटका जाणवला, तर जवळच्या शॉटच्या सुरुवातीला हालचालीच्या दोन-तीन फ्रेम (शॉट ज्यांनी बनतो ती सुटी स्थिरचित्रे) पुन्हा येऊ द्याव्यात. नव्या शॉटवर डोळा स्थिरावण्याइतका वेळ त्यातून मिळतो आणि ही पुनरावृत्ती सहसा लक्षात येत नाही.

एकाच जागेवरून किंचित जवळ जाऊन घेतलेले दोन शॉट सलग जोडले की चित्र उडी मारते. कोन किमान ३० अंशांनी बदलावा आणि फ्रेमिंगमध्येही स्पष्ट फरक ठेवावा. चित्रीकरण ३८४० बाय २१६० पिक्सेलमध्ये आणि टाइमलाइन १९२० बाय १०८० पिक्सेलची असेल, तर दुसरा शॉट दुपटीपर्यंत मोठा करून थोडी सोय होते. कोन मात्र बदलत नाही.

पेल्यातील पाण्याची पातळी किंवा उशीची जागा यांवर विद्यार्थी सर्वाधिक वेळ घालवतात. प्रत्येक शॉटनंतर फोनवर छायाचित्र जरूर काढावे, पण एकाच शॉटच्या दोन टेकपैकी (चित्रीकरणाच्या प्रयत्नांपैकी) एकात अभिनय सच्चा आणि दुसऱ्यात फक्त पेला बरोबर असेल, तर निःशंकपणे पहिला घ्यावा. प्रेक्षक चेहरा पाहत असतो.

आवाजाकडे मात्र दुर्लक्ष करू नये. प्रत्येक कटवर खोलीतील पार्श्वध्वनी बदलत असेल, तर उत्तम जुळलेली चित्रेही तुटक भासतात. म्हणून प्रत्येक ठिकाणी सर्वांना शांत उभे करून किमान ३० सेकंद नुसता खोलीचा आवाज ध्वनिमुद्रित करावा, तो पूर्ण प्रसंगाखाली सलग अंथरावा आणि प्रश्नोत्तरांत पुढच्या वाक्याचा आवाज कधीकधी चित्राच्या थोडा आधी सुरू करावा.