टिळक-आगरकर वाद वर्गात घेताना या चुका टाळा

इतिहासाच्या तासाला दोन व्यक्तींवर वादविवाद ठेवला की विषय बहुधा ‘श्रेष्ठ कोण?’ असा दिला जातो आणि तिथेच तास फसतो. मुले पाठ केलेली विशेषणे ऐकवतात, पुरावा कोणी मागत नाही. विषय त्या दोघांत प्रत्यक्ष झालेल्या वादातूनच घ्यावा. ‘विवाहासारख्या प्रश्नात परकीय सरकारने कायदा करावा का?’ असे विचारले, तर दोन्ही गटांना टिळकांचा ‘केसरी’ आणि आगरकरांचा ‘सुधारक’ या वृत्तपत्रांतले लेख वाचावेच लागतात.

काळाची मर्यादा न घालणे ही दुसरी चूक. आगरकर १८९५ मध्ये, चाळिशीही न गाठता गेले; टिळक १९२० पर्यंत जगले. मंडालेचा तुरुंगवास आणि होमरूल चळवळ चर्चेत आली की पारडे आपोआप झुकते. म्हणून १८८० ते १८९५ एवढाच काळ ठेवावा. त्यात न्यू इंग्लिश स्कूलमधील सहकार्य आणि १८८२ मधला डोंगरीच्या तुरुंगातला १०१ दिवसांचा एकत्र कारावासही येतो.

सर्वांत अवघड चूक म्हणजे व्यक्तींची सोपी, एकांगी चित्रे चालू देणे. ‘टिळकांना बालविवाह हवे होते’ असे कोणी म्हणाले, तर शिक्षकाने चर्चा तिथेच थांबवावी. मुलींची लग्ने सोळा आणि मुलांची वीस वर्षांच्या आत करू नयेत, असे बंधन सुधारकांनी आधी स्वतःवर घालून घ्यावे, असे टिळकांनी १८९० मध्ये सुचवले होते. पुढच्याच वर्षी संमतिवय (मुलीची शरीरसंबंधाला संमती कायद्याने ग्राह्य धरण्याचे किमान वय) दहावरून बारा करणाऱ्या कायद्याला मात्र त्यांनी कडवा विरोध केला. यावर समोरच्या गटाने नेमके विचारावे, की स्वखुशीचे बंधन किती घरांनी पाळले असते? खरा वाद इथे सुरू होतो.

बाजू मुलांना निवडू देऊ नयेत, कारण मग घरातल्या निष्ठाच वर्गात बोलू लागतात. चिठ्ठ्या टाकाव्यात आणि मध्यंतरानंतर बाजू बदलाव्यात.

शेवटी, ज्यांच्या आयुष्याबद्दल हा वाद होता त्या स्त्रियाच चर्चेत नसतात. बालपणी लग्न झालेल्या रखमाबाईंना १८८७ मध्ये मुंबईच्या न्यायालयाने पतीकडे नांदायला जा, नाहीतर तुरुंगात जा, असे सांगितले होते. वादविवादाचा निकाल देण्यापूर्वी दोन्ही गटांना एकच प्रश्न विचारावा: तुमच्या मार्गाने अशा मुलीला दिलासा कधी मिळाला असता?