वसईचा केक, विदर्भातली भट्टी

बदली होऊन, लग्न होऊन किंवा शाळा-दवाखान्यात नोकरीला म्हणून वसईकडची ख्रिस्ती कुटुंबं विदर्भातल्या तालुक्याच्या गावी येतात आणि पहिल्याच डिसेंबरात नाताळच्या केकची तयारी करताना म्हणतात, "इथं काही मिळत नाही." मिळतं, पण तिकडच्या नावानं मागितलं तर मिळत नाही. म्हणून ट्रंकभर सामान वाहून आणू नका. तिकडून आणायच्या वस्तू दोनच: बटर पेपरचा रोल आणि ताज्या तारखेची बेकिंग पावडर. गावच्या किराणा दुकानात बेकिंग पावडर मागितली की पुष्कळदा खाण्याचा सोडा पुडीत बांधून मिळतो. पावडरच्या मापानं सोडा घातला तर केक काळपट होतो आणि साबणासारखा लागतो. जुना डबाच हाती आला तर चमचाभर पावडर गरम पाण्यात टाकून बघा. लगेच फसफसली नाही तर फेकून द्या.

ओव्हनची हौस असेल तर आधी व्होल्टेज बघा. डिसेंबरात गहू-हरभऱ्याला पाणी सुटतं, पंप चालू होतात आणि २३० ऐवजी १८० व्होल्ट येतात. तेवढ्यात कॉइलची ताकद जेमतेम ६० टक्के उरते. बाहेर दिवा लाल दिसतो, आत केक फुगायच्या आधीच बसतो. अर्धा किलोचा केक असेल तर जर्मनचा जुना गंज (म्हणजे ॲल्युमिनियमचं पातेलं) घ्या, तळाला दोन वाट्या मीठ किंवा धुऊन वाळवलेली रेती पसरा, त्यावर तिवई ठेवा, झाकण लावून दहा मिनिटं मध्यम आचेवर तापवा. मग केकचं भांडं आत ठेवून पाऊण ते एक तास बारीक आच. कुकर वापरायचा तर गॅस्केट आणि शिटी काढूनच. शिवाय रोजच्या भाताचा कुकर नको, कोरडा तापून त्याची वाट लागते.

दोन-चार किलो करायचे तर तालुक्याच्या बेकरीची लाकडाची भट्टीच बरी. दिवाळीत लोक तूप-साखर-मैदा देऊन नानकटाई भाजून घेतात, तीच सोय. पण इथंच दरवर्षी कुणाचे तरी हजारो रुपये जळतात, म्हणून नीट वाचा: केक पावानंतर लगेच आत घालू देऊ नका. पाव निघाल्या निघाल्या भट्टी कडक असते. बिस्किटं दहा मिनिटांत निघतात, म्हणून त्यांना ती ताप चालते. दीड किलोच्या फ्रूट केकला दोन तास मंद ताप लागते. कडक भट्टीत वीस मिनिटांत वर खापरी धरते, आत लापशी राहते, आणि काजू-मनुक्यासकट सगळं उकिरड्यावर. बेकरीवाला "होते ना जी, काही होत नाही" म्हणेल. त्याचा पिंड पावाचा आहे, त्याचं ऐकू नका. पत्र्यावर चिमूटभर मैदा पसरून तो पत्रा भट्टीत सरकवायला सांगा. पाच मिनिटांत मैदा फिक्कट बदामी झाला तर केक घाला. गडद तपकिरी झाला तर थांबा, तासाभरानं पुन्हा बघा. नंबर रात्रीचा शेवटचा मागा, म्हणजे दुसऱ्याच्या टोस्टसाठी मधेच दार उघडलं जाणार नाही. पहिल्या तासात दार उघडलं की केक मधोमध खचतो. डब्याला बाहेरून वर्तमानपत्राची चौपदरी घडी सुतळीनं बांधा, आतून बटर पेपर. आणि पुन्हा सांगतो, पावानंतर लगेच नाही.

माप: मैदा २५० ग्रॅम, लोणी २००, साखर २००, सुकामेवा ५००, बेकिंग पावडर दीड चमचा, अंडी २०० ग्रॅम. अंडी मोजू नका, तोला. फार्मची चार पुरतात, गावठी पाच-सहा लागतात. घरचं लोणी आंबूस असतं, ते गार पाण्यात तीन-चार वेळा धुऊन पाणी नीट पिळून काढा, नाहीतर केक ओलसर चिकट होतो. इथली थंडी कोरडी. सकाळी लोणी दगडासारखं असतं. ते आणि अंडी अर्धा तास अंगणातल्या उन्हात ठेवा. गार अंडी घातली की मिश्रण फुटतं. तसं झालं तर मैद्यातला एक चमचा टाकून फेटा. आणि केक वसईसारखा उघडा ठेवू नका, तिसऱ्या दिवशी भुसा होतो.

सुकामेवा भिजवायच्या रमचं काय? वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे. बॅगेत बाटली घालून येणारे नातेवाईक "केकसाठीच आहे" म्हणून सुटत नाहीत. चंद्रपुरातली बंदी २०२१मध्ये उठली. रमशिवाय केक होत नाही हा आपल्या लोकांचा हट्ट आहे, दुसरं काही नाही. संत्र्याचा रस उकळी येईपर्यंत तापवा, त्यात मनुका-खजूर टाकून झाकून ठेवा, दुसऱ्या दिवशी वापरा. रमसारखे महिनाभर भिजत ठेवले तर रस आंबतो, बुरशी येते.

संत्र्यांची तर चैनच आहे. आंबिया बहाराची फळं डिसेंबरात वरूड-मोर्शी-काटोलकडून येतात. आपण बाजारातून पाकिटातली साल विकत आणतो आणि ही सालं गाईपुढे टाकतो! नागपुरी संत्र्याची साल सैल आणि पातळ, म्हणून आतले पांढरे धागे नखानं सहज निघतात. २५० ग्रॅम सालीच्या काड्या तीनदा नव्या पाण्यात पाच-पाच मिनिटं उकळा, दर वेळी पाणी फेका. हे टाळलं की केक कडू. मग २५० ग्रॅम साखर आणि वाटीभर पाण्यात काचेसारख्या दिसेपर्यंत शिजवा, ताटात सावलीत दोन दिवस वाळवा. टुटीफ्रुटीही कच्च्या पपईची घरीच होते.

कुलकुलांसाठी (फणीवर वळून तळलेला नाताळचा गोड पदार्थ) ओल्या नारळाच्या मागे लागू नका. इथं येतो तो महाग आणि बहुधा जून. साधं दूध घाला. अर्धा किलो मैदा, १०० ग्रॅम बारीक रवा, १०० ग्रॅम पिठीसाखर, ५० ग्रॅम तुपाचं कडकडीत मोहन. पीठ तिकडच्यापेक्षा दोन-तीन चमचे जास्त दूध पितं. मोहन वाढलं तर तेलात विरघळतात, आच वाढली तर वरून लाल आणि दुसऱ्या दिवशी मऊ. वळायला नवी फणी. शेजारच्या बायांचा हात करंजीला बसलेला असतो, कुलकुल त्या एका रात्रीत शिकतात. पण कापसाची वेचणी चालू असते, दुपारी बोलावू नका.

इथले ख्रिस्ती लोक नाताळला चिवडा, शेव, चकल्या, अनारसे करतात. "हा तर दिवाळीचा फराळ" असं नाक मुरडणारे आपले लोक पाहिले की लाज वाटते. तुमच्या ताटात गोडच गोड असेल तर इथं कुणी दुसरा घास घेणार नाही, तिखट चिवडा हवाच.

ताटं वाटताना अंड्याचं आणि बिनअंड्याचं वेगळं ठेवा आणि दारातच सांगा. गावात माळकरी असतात, मार्गशीर्षातल्या गुरुवारी घरोघरी बायांचा उपास असतो. त्या घरांसाठी कुलकुल, करंज्या आधी तळून घ्या. ज्या तेलात अंड्याच्या रोझ कुकीज तळल्या त्याच तेलात नाही.