दहा मीटर एअर रायफलचा रेग्युलेटर निवडताना

सीमाभागातल्या मराठी घरांत नेमबाजीचा विषय निघाला की नजर कोल्हापूरकडे वळते, आणि ते स्वाभाविकही आहे. २०१० साली म्युनिचमध्ये ५० मीटर प्रोन (पालथे झोपून नेमबाजी) प्रकारात विश्वविजेती ठरलेली तेजस्विनी सावंत कोल्हापूरची, तर २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभे राहून) कांस्यपदक मिळवणारा स्वप्नील कुसाळे राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. मात्र ५० मीटरपर्यंतची वाट बहुतेकांच्या बाबतीत १० मीटर एअर रायफलवरूनच जाते. बेळगाव, निपाणी, चिकोडी किंवा खानापूरच्या पालकांनी मुलासाठी अशी रायफल, विशेषतः वापरलेली रायफल, घ्यायचे ठरवले की दस्ता, रंग आणि नेम धरायची साधने यांची चौकशी भरपूर होते. सिलिंडर आणि झडप यांच्यामध्ये बसलेल्या रेग्युलेटरविषयी मात्र क्वचितच कोणी विचारतो. माझ्या मते खरेदीचा निर्णय याच भागावर व्हायला हवा.

सिलिंडरमध्ये हवा साधारणपणे २०० बार (बार हे दाबाचे एकक) दाबाने भरलेली असते आणि प्रत्येक गोळीगणिक तो दाब उतरत जातो. रेग्युलेटर या उतरत्या दाबातून एकच ठरावीक दाब, बहुधा ६० ते ८० बारच्या आसपास, पुढच्या छोट्या कप्प्यात साठवतो. ट्रिगर दाबल्यावर हॅमर, म्हणजे स्प्रिंगने ढकललेला आतला छोटा हातोडा, झडपेवर आपटतो आणि त्या कप्प्यातली हवा छर्ऱ्याला ढकलते. कप्प्यातला दाब प्रत्येक वेळी सारखा राहिला, तरच छर्ऱ्याचा वेग सारखा राहतो. ०.५३ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १७० मीटर वेगाने निघाला, तर १० मीटर अंतरात तो सुमारे १७ मिलिमीटर खाली येतो. वेग १८० झाला, तर सुमारे १५ मिलिमीटर. म्हणजे वेगात सेकंदाला १० मीटरचा फरक पडला की लक्ष्यावर जवळपास २ मिलिमीटरचा उभा फरक पडतो. दशांश गुणांकनात ०.२५ मिलिमीटरला ०.१ गुण असल्याने, मुलाचा नेम अचूक असूनही केवळ रायफलमुळे सुमारे ०.८ गुण जाऊ शकतो. साठ गोळ्यांच्या सामन्यात हे नुकसान फार मोठे आहे.

रेग्युलेटर तीन प्रकारचे दिसतात: कारखान्यातच दाब कायम केलेले, आत स्क्रू असलेले आणि बाहेरूनच फिरवता येणारे. बाहेरून फिरवता येणारा रेग्युलेटर दाखवून विक्रेते त्याचे कौतुक करतात, पण १० मीटरच्या खेळात छर्रा आणि वेग एकदा ठरला की महिनोन्‌महिने त्याला हात लावायचा नसतो. क्लबमध्ये एक रायफल चार मुले वापरत असतील, तर बाहेरचा स्क्रू कोणाच्या तरी बोटाने फिरणारच. म्हणून नवशिक्यासाठी मी आतला, लॉक-नटने घट्ट होणारा समायोज्य रेग्युलेटर सुचवेन: प्रशिक्षकाने एकदा जुळवावा आणि मुलाने तो विसरून जावा.

दाब जितका जास्त तितका वेग जास्त, असा पुष्कळांचा समज असतो. प्रत्यक्षात दाब एका मर्यादेपलीकडे गेला की तोच दाब झडपेला इतका घट्ट बसवतो की हॅमरला ती पुरेशी उघडता येत नाही, आणि वेग उलट घटू लागतो. त्यामुळे रेग्युलेटर आणि हॅमर स्प्रिंग ही जोडी एकत्रच जुळवावी लागते. वेगाच्या शिखराच्या किंचित अलीकडे ती बसवली, तर दाबातल्या बारीक चढउताराचा वेगावर फारसा परिणाम होत नाही. रेग्युलेटर बदलून घेणार असाल, तर तो त्याच मॉडेलच्या झडपेसाठी केलेला आहे, याची खात्री करून घ्यावी.

आता परीक्षा. विक्रेत्याकडे किंवा रेंजवर क्रोनोग्राफ (छर्ऱ्याचा वेग मोजणारे यंत्र) मागावा, एकाच डब्यातले छर्रे घ्यावेत आणि सलग वीस गोळ्यांचे वेग कागदावर लिहून काढावेत. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी वेगातला फरक सेकंदाला ३ मीटरच्या आत असावा. त्यानंतर हवा भरलेली, पण छर्रा नसलेली रायफल रात्रभर तशीच सुरक्षित ठेवून सकाळी पुन्हा मोजणी करावी. समजा पहिली गोळी १७९ आली आणि पुढच्या १७१, १७२, १७१ अशा येत गेल्या, तर रेग्युलेटर 'रांगतो' आहे: आतल्या बैठकीवर (हवा अडवणारा भाग जिथे टेकतो त्या जागेवर) ओरखडा किंवा धूळ असल्याने सिलिंडरची हवा हळूहळू कप्प्यात झिरपते आणि दाब चढतो. असे असेल, तर दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करायला सांगावे किंवा सौदा सोडून द्यावा. रेग्युलेटरच्या बारीक श्वासछिद्राजवळ कान नेऊन ऐकावे. सूं असा आवाज आला, तर ओ-रिंग (हवा अडवणारी रबरी कडी) गेली आहे.

वापरलेल्या रायफलच्या सिलिंडरवर कोरलेली तारीख वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत, कारण आंतरराष्ट्रीय स्पर्धांत निर्मितीपासून १० वर्षांपर्यंतचाच सिलिंडर चालतो. रायफलचे वजन ५.५ किलोच्या आत असावे, हेही तिथेच तपासावे.

आपल्याकडच्या पावसाळ्याचा विचार वेगळा करावा लागतो. जून ते सप्टेंबर खानापूर आणि जांबोटी पट्ट्यात हवा इतकी दमट असते की हातपंपाने भरताना पाण्याचा अंश थेट सिलिंडरमध्ये जातो आणि रेग्युलेटरच्या बैठकीवर गंज धरतो. पंपाला ओलावा शोषणारा फिल्टर असावा आणि त्यातल्या दाण्यांचा रंग बदलला की ते बदलावेत. शक्य असेल, तर कोरडी हवा देणाऱ्या कॉम्प्रेसरवरूनच भरून घ्यावे. वेल्डिंगच्या दुकानातला ऑक्सिजन कधीही भरू नये आणि शिवणयंत्राचे तेल आत घालू नये, कारण उच्च दाबाखाली दोन्हींमुळे स्फोटाचा धोका असतो. ओ-रिंगला केवळ सिलिकॉन ग्रीस लावावे, आणि रेग्युलेटर खोलण्यापूर्वी पूर्ण हवा सोडून दाबमापकाचा काटा शून्यावर आल्याचे पाहावे.

कायद्याची बाब थोडक्यात. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार नळीचा व्यास ४.५ मिलिमीटरपेक्षा जास्त असलेल्या किंवा २० ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जेच्या एअर रायफलला परवाना लागतो. वर सांगितलेल्या १७० मीटर वेगाला जेमतेम ७.७ ज्यूल होतात, त्यामुळे खेळासाठी त्या मर्यादेच्या जवळ जाण्याचेही कारण नाही. कोल्हापूरहून खरेदी करून बेळगावला आणत असाल, तर व्यास आणि ऊर्जा लिहिलेले बिल सोबत ठेवावे आणि रायफल रिकामी करून बंद पेटीतूनच आणावी.

शेवटी, ओ-रिंगचा संच आणि रेग्युलेटरच्या तबकडी स्प्रिंगा कुठे मिळतील आणि किती दिवसांत येतील, याचे उत्तर विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. हे सुटे भाग सहज मिळत असतील, तर साधी देशी रायफलही महागड्या परदेशी रायफलपेक्षा मी आधी निवडेन, कारण जिल्हा स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात ओ-रिंग गेली, तर मुलाला तिचीच गरज असते.