काळ्या मातीत तंबू उभा ठेवायचा, तर

तंबू कसा बांधायचा असं विचारलं की लोक गाठी शिकवायला बसतात. वीस गाठींची नावं, वीस चित्रं, आणि जमिनीबद्दल एक ओळ: मेख पक्की ठोका. मी इंदूरच्या आसपास, म्हणजे महू, जानापाव, चोरल, कालाकुंड या भागात गेली चौदा वर्षं पाठीवर बिऱ्हाड घेऊन फिरते आहे. गाठ सुटल्यामुळे माझा तंबू एकदाही पडलेला नाही. पडला तो दर वेळी मेख उपटून आल्यामुळे. म्हणून इथे मेखेबद्दल भरपूर आहे आणि गाठी शेवटी, दोनच.

जागा

नदीच्या पात्रात आणि धबधब्याच्या पायथ्याशी मुक्काम करू नका, आभाळ स्वच्छ असलं तरी. वर पठारावर पडलेला पाऊस खाली पोचायला वेळ लागत नाही. २०११ च्या जुलैत पाताळपाणीच्या धबधब्यावर सहलीला आलेली माणसं अशाच लोंढ्यात वाहून गेली. झाडाखाली थांबलात तर वर वाळकी फांदी लटकत नाही ना, ते बघा. पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिमेकडून, नैऋत्येकडून येतो. तंबूची अरुंद बाजू तिकडे करा. तिरपाल असेल तर (ताडपत्रीला आम्ही इंदूरकर तिरपालच म्हणतो) त्याची जमिनीला टेकलेली कड तिकडे ठेवा.

मेख

‘मालव माटी गहन गंभीर, डग-डग रोटी, पग-पग नीर’ हे आम्ही लहानपणापासून अभिमानानं म्हणत आलो. तंबूवाल्याला मात्र याच मातीची सगळ्यात जास्त काळजी घ्यावी लागते. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसून भेगाळते. मे महिन्यात मेख एक तर ढेकळावर वाकते, नाही तर भेगेत सैल पडते. ऑगस्टमध्ये तीच माती मळलेल्या कणकेसारखी होते. आणि घाटाच्या कडेला गेलात तर वीतभर मातीखाली सरळ काळा पाषाण लागतो. म्हणजे एकाच फेरीत तीन प्रकारची जमीन भेटते आणि तिन्हींना एकच उपाय चालत नाही.

एका ऑगस्टमध्ये चोरलच्या वरच्या अंगाला, एका शेताच्या बांधाजवळ मी तंबू लावला. भाचीचा तो पहिलाच मुक्काम होता. तंबूसोबत आलेल्या मेखा पेन्सिलीएवढ्या जाड आणि जेमतेम वीतभर लांब होत्या. अंगठ्यानं दाबल्या तरी आत जात होत्या, आणि काम पटकन उरकलं म्हणून मी खूश होते. रात्री दोनच्या सुमारास वारा उठला. पश्चिमेच्या दोन्ही मेखा एकदम उपटल्या, एक काठी वाकली आणि ओलं कापड आमच्या तोंडावर आलं. उजाडेपर्यंत मी ते कापड दोन्ही हातांनी धरून बसले होते आणि पोर शेजारी भिजलेल्या स्वेटरमध्ये कुडकुडत होती. अंगठ्यानं आत गेलेली मेख तेवढ्याच जोरानं बाहेर येते, हे मला त्या रात्री कळलं. तेव्हापासून सहज आत जाणाऱ्या मेखेवर मी विसंबत नाही.

पुढचं मी लग्नाच्या मांडववाल्यांकडून शिकले. ते एवढाले मांडव याच मातीत, भर पावसातसुद्धा उभे करतात. त्यांच्या सळ्या लांब असतात, तिरप्या ठोकलेल्या असतात आणि ताण जास्त असेल तिथे एकामागे एक अशा दोन असतात. आपल्यालाही नेमकं तेवढंच करायचं आहे.

ओल्या काळ्या मातीसाठी मेख २५ ते ३० सेंटीमीटर लांब घ्या. गोल, गुळगुळीत मेख नको. पन्हळीसारखी दुमडलेली किंवा तीन पात्यांची घ्या, तिला माती जास्त धरते. तिचं डोकं तंबूपासून लांब झुकलेलं हवं, इतकं की दोरी आणि मेख यांच्यात साधारण काटकोन व्हावा. बरेच जण डोकं तंबूकडे झुकवतात. तसं केलंत तर दोरी मेखेवरून सरकत वर येते. दोरी मेखेच्या अगदी मुळाशी, जमिनीला लागून बांधा. चार बोटं वर बांधलीत तरी मेख तरफेसारखी हलते आणि भोक मोठं होत जातं. वाऱ्याच्या बाजूला दोन मेखा ठोका: पहिलीच्या मागे हातभर अंतरावर दुसरी, आणि पहिलीच्या डोक्यापासून दुसरीच्या बुडापर्यंत छोटी दोरी. पहिली उपटायला लागली की दुसरी तिला धरून ठेवते.

माती याहूनही मऊ असेल तर ठोकायच्या भानगडीत पडू नका, पुरा. कोपरभर लांब दांडकं किंवा लांबट दगड घ्या, मधोमध दोरी बांधा आणि दीड वीत खोल चर खणून त्यात आडवा ठेवा. आडवा म्हणजे दोरीच्या दिशेला काटकोनात. दोरी बाहेर यायला तंबूच्या बाजूनं एक अरुंद तिरपी खाच करा. ती खाच केली नाही तर दोरी चराच्या कडेवरून वर वळते आणि दांडकं उचललं जातं. मग माती परत लोटून पायानं थर थर दाबा. एका जागेला दहा मिनिटं लागतात, म्हणून मी हे वाऱ्याकडच्या दोनच कोपऱ्यांना करते.

पाषाणावर दोन दगड लागतात. दोरीला सैल फास करून तो नारळाएवढ्या दगडाभोवती अडकवा. मग त्याच्या पुढे, म्हणजे तंबूच्या बाजूला, दोरीवरच एक जड धोंडा ठेवा, दोन्ही हातांनी जेमतेम उचलेल असा. दोरी ओढली गेली की लहान दगड धोंड्याला मागून भिडून अडकतो. दोरी थेट मोठ्या धोंड्याला गुंडाळू नका. रात्रभर हिसके बसून ती वर सरकते, आणि या दगडाच्या धारेवर घासून तुटतेसुद्धा. दोरी दगडाला टेकते तिथे जुना मोजा चढवा.

उन्हाळ्यातल्या कडक जमिनीवर, भेगा टाळून, मेखेच्या जागी तासभर आधी लोटाभर पाणी जिरवा आणि मग ठोका.

प्रत्येक मेख दोरीच्या दिशेनं अंगाचा भार टाकून ओढून बघा. जरा जरी हलली तरी काढा आणि हातभर बाजूला नव्यानं ठोका. त्याच भोकात पुन्हा ठोकण्यात अर्थ नाही, ती माती आधीच सुटलेली असते.

दोरी

३ ते ४ मिलीमीटरची पॉलिएस्टरची दोरी घ्या. नायलॉन भिजलं की लांबतं आणि मध्यरात्री कापड झोळीसारखं लोंबायला लागतं. सुतळी याच्या उलट: भिजली की आखडते आणि मेखच ओढून काढते. दोरी किमान दोन मीटर ठेवा. तंबूला ती जितक्या उंचीवर बांधली आहे, निदान तितक्या अंतरावर तरी मेख ठोका, वाऱ्यात त्याहून दूर. झाडाला बांधायचं तर बारीक दोरी सालीत रुतते. खाटेच्या नवारीचा मीटरभर तुकडा सोबत ठेवा, तो खोडाभोवती घाला आणि दोरी त्याला बांधा.

तिरपालाचं लोखंडी भोक फाटलं असेल तर कोपऱ्यात सुपारीएवढा गुळगुळीत खडा ठेवा, कापड त्यावर लपेटा आणि मानेशी दोरी आवळा. मला हे भोकापेक्षाही भरवशाचं वाटतं.

गाठी

तंबूकडच्या टोकाला साधी निरगाठ. मेखेकडे सरकती गाठ: टोक मेखेभोवती फिरवून परत आणा, ताणलेल्या दोरीवर मेखेच्या बाजूनं दोन वेढे द्या, मग त्या वेढ्यांच्या पलीकडे, तंबूच्या बाजूला आणखी एक वेढा देऊन टोक त्याच वेढ्याखालून ओढून घ्या. हातानं ती सरकते आणि ताण आला की आवळते. दोरी फार गुळगुळीत असेल तर आत तिसरा वेढा द्या. घरी खुर्चीच्या पायाला दहा वेळा बांधून बघा, अंधारात डोळ्यांनी नाही, बोटांनी बांधावी लागते.

तिरपालाखाली येणाऱ्या प्रत्येक दोरीला कापडापासून वीतभर बाहेर एक सुती चिंधी बांधा. दोरीवरून ओघळणारं पाणी तिथून खाली गळतं, आत येत नाही.

लावून झाल्यावर अर्ध्या तासानं आणि झोपायच्या आधी पुन्हा एकदा सगळ्या दोऱ्या ताणा. सरकत्या गाठीमुळे याला मिनिटभरही लागत नाही.

सकाळी मेखा हलवून हलवून उपटू नका, वाकतात. एका मेखेचा आकडा दुसरीत अडकवून तिच्याच रेषेत सरळ ओढा. पुरलेलं दांडकं काढा, चर बुजवा आणि शेताचा बांध होता तसा करून द्या. मग मेखा मोजा. एक जरी कमी भरली तरी गवत चाचपून ती शोधल्याशिवाय निघू नका. दुपारी त्याच गवतात गावातली गुरं चरायला येतात, आणि ती मेख त्यांच्या खुरात जाते.